हिरवं पाणी विषारी कधी होतं? निळ्या-हिरव्या शेवाळाच्या जनुकांची गोष्ट

पावसाळा लागला की नगरपालिकेचं ठरलेलं आवाहन येतं: पाणी उकळून, गाळून प्या. गॅस्ट्रो असो, कावीळ असो की टायफॉइड, उपाय तोच आणि बहुतेक वेळा बरोबरही. त्यामुळे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे निघालेली सूचना आपल्याला उलटीच वाटेल. नळाचं पाणी पिऊ नका आणि ते उकळू तर मुळीच नका, असं त्या सूचनेत होतं. कारण पाण्यात जे विष होतं ते उकळून मरत नाही. उलट पाण्याची वाफ होऊन जाते आणि भांड्यात उरलेल्या पाण्यात विषाचं प्रमाण वाढतं. चार लाखांहून अधिक माणसं पुढचे दोन-तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर होती आणि तीही ईरी सरोवरासारख्या अफाट गोड्या पाण्याच्या काठावर राहून.

सरोवरावर हिरवी साय धरली होती. आपल्याकडेही दर उन्हाळ्यात उजनीचं किंवा रंकाळ्याचं पाणी हिरवं झाल्याच्या बातम्या येतात. बातमीत फोटो असतो, वास मारत असल्याची तक्रार असते आणि मथळ्यात "विषारी शेवाळ" हे शब्द असतात. ते विषारी आहे हे कळलं कसं, हे मात्र बातमीत क्वचितच असतं. नुसत्या रंगावरून ते कळत नाही. विष आहे की नाही हे त्या जीवाच्या जनुकांत लिहिलेलं असतं, आणि तिथलं लिखाण वाटतं त्यापेक्षा गमतीदार आहे.

नाव शेवाळ, जात जीवाणूची

ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव सायनोबॅक्टेरिया. नावातच बॅक्टेरिया आहे. विहिरीच्या पायरीवर पाय घसरवणारं हिरवं शेवाळ झाडांच्या नात्यातलं, तर हे दह्यातल्या जीवाणूंच्या नात्यातलं. फरक इतकाच की हे जीवाणू सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठायला लागला तो यांच्यामुळेच. कोकणातल्या भातखाचरात नत्र मिळावं म्हणून जे निळं-हिरवं शेवाळ सोडतात तेही याच गोतावळ्यातलं. म्हणजे सरसकट खलनायक ठरवावं असं हे कुळ नाही.

तळ्यातली हिरवी साय यांची आहे की साध्या शेवाळाची, याचा अंदाज घरी घेता येतो. हातमोजे घालून काचेच्या बरणीत ते पाणी भरायचं आणि रात्रभर न हलवता ठेवायचं. साधं शेवाळ बहुधा तळाशी बसतं. हे जीवाणू मात्र सकाळी वर आलेले दिसतात. पाण्यात हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा थर, आणि बाजूने पाहिलं तर त्याखालचं पाणी बऱ्यापैकी नितळ. यांच्या पेशींत हवेच्या अतिसूक्ष्म नळकांड्या असतात, त्यामुळे उजेडासाठी ते हवं तेव्हा वर तरंगू शकतात. ही तपासणी म्हणजे प्राथमिक अंदाज. बरणीतला थर विषारी आहे का, हे बरणी सांगत नाही.

सूक्ष्मदर्शकालाही चकवा

मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. ईरी सरोवरातला मुख्य आरोपी मायक्रोसिस्टिस. जगभरच्या तळ्यांत हाच सर्वाधिक आढळतो. काचपट्टीवर तो साबुदाण्याच्या खिचडीतल्या एकमेकांना चिकटलेल्या दाण्यांसारखा दिसतो: बुळबुळीत लगद्यात अडकलेल्या शेकडो गोल पेशी. अनुभवी माणूस एका नजरेत नाव सांगेल. पण एकाच तळ्यातून, एकाच थेंबातून उचललेल्या दोन पुंजक्यांपैकी एक विष बनवणारा आणि दुसरा अगदी निरुपद्रवी असू शकतो. दोघांचं नाव एक, रूप एक.

फरक आहे तो डीएनएत. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक सूचना आणि जनुक म्हणजे त्यातला एका कामापुरता उतारा. मायक्रोसिस्टिसची अख्खी पोथी पन्नास-साठ लाख अक्षरांची. त्यातला सुमारे ५५,००० अक्षरांचा, म्हणजे साधारण एक टक्का भाग एकाच कामासाठी राखलेला आहे: मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवणं. या भागात सलग दहा जनुकं आहेत आणि त्यांना एकत्र एमसीवाय म्हणतात. ज्याच्या पोथीत हा भाग धड आहे तो विष बनवू शकतो, ज्याच्या पोथीत तो नाही त्याला ते जमत नाही.

सात फुलांचा हार

एक टक्का ऐकायला थोडा वाटतो, पण जरा हिशेब करू. मायक्रोसिस्टिन म्हणजे अमिनो आम्लांचं फक्त सात मण्यांचं कडं. शरीरातली नेहमीची प्रथिनं याच अमिनो आम्लांची बनतात आणि तीनशे मण्यांच्या प्रथिनासाठी नऊशे अक्षरं पुरतात. त्या दराने सात मण्यांना एकवीस अक्षरं पुरायला हवीत. मग पंचावन्न हजार कशाला?

कारण हे विष नेहमीच्या पद्धतीने बनत नाही. प्रथिनं बनताना पेशी डीएनएची नक्कल काढते आणि ती वाचत वाचत मणी ओवते. इथे वाचायला कागदच नाही. दादर किंवा मंडईच्या फुलबाजारात हार करणारी माणसं ओळीने बसली आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाच्या टोपलीत एकच जातीचं फूल. पहिल्याने आपलं फूल ओवायचं आणि दोरा शेजाऱ्याकडे द्यायचा. शेवंती आधी की झेंडू आधी हे कुठे लिहिलेलं नसतं, कोण कोणाशेजारी बसलंय यावरून ते ठरतं. एमसीवायची जनुकं ही माणसं तयार करतात. ती प्रचंड आकाराची प्रथिनं असतात, म्हणून त्यांच्या सूचनाही लांबलचक.

हाराची सुरुवात एका अजब फुलाने होते. अड्डा नावाचा हा घटक आपल्या शरीरातल्या वीस अमिनो आम्लांत नाही. तो बाजारात मिळत नाही म्हणून ही मंडळी तो स्वतःच घडवतात. विषाची खरी धार त्याच्यातच असते. शेवटचा माणूस आपलं फूल ओवतो आणि दोन्ही टोकं बांधून हार पुरा करतो. एमसीवाय-एच नावाच्या जनुकातून वाहतुकीचं काम करणारं प्रथिन बनतं, असं त्याच्या रचनेवरून दिसतं.

या ओळीतले दोघे जण थोडे बेफिकीर आहेत. ठरलेलं फूल नसेल तर त्याच्यासारखं दुसरं चालवून घेतात. त्यामुळे मायक्रोसिस्टिन एक न राहता त्याचे दोनशेहून अधिक प्रकार झाले आहेत. सर्वात कुप्रसिद्ध प्रकाराच्या नावापुढे एलआर लावतात, कारण त्या दोन जागांवर ल्युसिन आणि आर्जिनिन ही फुलं असतात.

पोटात गेल्यावर हे कडं नेमकं यकृत गाठतं. यकृताच्या पेशींच्या दारावर पित्तातली द्रव्यं आत घेणारे वाहक असतात, त्यांना फसवून ते आत शिरतं. पेशीत प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारणारे आणि तो पुसणारे असे दोन्ही कामगार असतात. हे विष पुसणाऱ्यांचे हात बांधतं. शिक्के साचत जातात, पेशीचा सांगाडा ढासळतो आणि जास्त मात्रा गेली तर यकृतात आतल्या आत रक्तस्राव होतो. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये एका डायलिसिस केंद्रात टँकरने आणलेलं, नीट शुद्ध न केलेलं धरणाचं पाणी वापरलं गेलं. डायलिसिसच्या एका खेपेला शंभराहून अधिक लिटर पाणी लागतं आणि त्याच्या नि रक्ताच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. शंभर रुग्णांची यकृतं निकामी झाली. त्यातले ५२ मृत्यू थेट या विषाच्या खात्यावर जमा आहेत.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे एक मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरचे शंभर टँकर भरा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल इतकं विष टाका, तेवढं हे प्रमाण. ही मर्यादा जन्मभर रोज पिण्याच्या हिशेबाने काढलेली आहे. थोड्या दिवसांच्या संपर्कासाठी संघटनेने २०२० मध्ये बारा मायक्रोग्रॅमचा वेगळा आकडा दिला. म्हणजे एक घोट घेतला की संपलं, असं नाही.

हे जनुकांचंच काम, हे कशावरून?

शंका रास्त आहे. विषारी जीवाणूत एखादं जनुक सापडलं म्हणून विष त्याच्यामुळेच, असं सिद्ध होत नाही. त्यासाठी जनुक मोडून पाहावं लागतं.

नेदरलँड्समधल्या ब्राकमान जलाशयातून १९७२ मध्ये उचललेला मायक्रोसिस्टिसचा एक वाण पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या संग्रहात ७८०६ या क्रमांकाने जपलेला आहे. बर्लिनमध्ये एल्के डिटमान आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याच्या एमसीवायमधल्या एका जनुकात परका तुकडा घुसवून ते बंद पाडलं. हाराच्या ओळीतला एकच माणूस उठवला म्हणा ना. मायक्रोसिस्टिन बनणं पूर्ण थांबलं, एकही प्रकार उरला नाही. २००० साली याच वाणातल्या दहाही जनुकांचा नकाशा प्रसिद्ध झाला. नंतर दुसऱ्या विषांचे असेच जनुकसंच सापडत गेले.

मला त्या १९९७ च्या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावते. विष बंद झालेला तो जीवाणू प्रयोगशाळेत मजेत वाढत राहिला.

मग विष बनवायचं तरी कशाला?

इतकी मोठी यंत्रणा पोसायची आणि तिच्याशिवायही चालतंय, तर ती टिकली कशी? पहिला अंदाज कोणीही करेल: पाण्यातले बारीक किडे यांना खातात, त्यांच्यापासून बचाव. पण २००४ मध्ये वेगवेगळ्या सायनोबॅक्टेरियांतल्या एमसीवाय जनुकांची वंशावळ मांडली गेली आणि ती फार जुनी निघाली. या कुळाच्या दूरच्या सामाईक पूर्वजाकडेच ही यंत्रणा असावी, म्हणजे खाणारे प्राणी जन्माला येण्याच्याही आधी. आपलं यकृत तर त्या कथेत फार उशिरा आलेलं पात्र.

म्हणजे मूळ काम दुसरंच असणार. २०११ मध्ये दिसलं की प्रखर उजेडाचा ताण आला की मायक्रोसिस्टिन त्या जीवाणूच्या स्वतःच्याच प्रथिनांना जाऊन चिकटतं, आणि विष न बनवणारे वाण अशा ताणात लवकर माना टाकतात. घरच्या भांड्यांना कल्हई लावावी तसा काहीसा प्रकार. हे एकमेव उत्तर आहे असं कोणी म्हणत नाही, वाद चालू आहे. तरी "विष" हे नाव आपण आपल्या बाजूने ठेवलंय, एवढं खरं.

ही वंशावळ आणखी एक गोष्ट सांगते. मला वाटायचं की बिनविषारी वाण मूळचे आणि विषारी नंतर बिघडलेले. चित्र नेमकं उलट आहे. पूर्वजाकडे यंत्रणा होती आणि अनेक वंशजांनी ती टाकून दिली. प्लँक्टोथ्रिक्स या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियात तर खुणाही सापडतात. काही बिनविषारी वाणांत एमसीवायचा जवळजवळ नव्वद टक्के भाग गायब आहे, पण दोन्ही कडांचे तुकडे शिल्लक आहेत. वाडा पाडला तरी शेजारच्या भिंतीत जुन्या तुळयांची भोकं राहतात, तसं.

जनुक आहे म्हणजे विष आहेच का?

नाही. याच प्रश्नावर बातम्या आणि अहवाल सर्वात जास्त घसरतात.

एक तर जनुक मोडकं असू शकतं. डीएनएत काही तुकडे एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतात. असा तुकडा एमसीवायच्या मधोमध बसला की ओळीतला माणूस गेला, हार अर्धवट. ईरी सरोवरातल्या २०१४ च्याच नमुन्यांत पुढे असेही मायक्रोसिस्टिस सापडले ज्यांच्यात एमसीवायचा जेमतेम काही भाग आहे. त्याच हंगामात सुरुवातीला पूर्ण यंत्रणा असलेले वाण जास्त होते आणि नंतर ती अजिबात नसलेल्यांची सरशी झाली. पाणी मात्र तेव्हाही हिरवंच होतं.

दुसरं म्हणजे जनुक धड असलं तरी ते किती चालतं हे परिस्थितीवर ठरतं. उजेड वाढला की या जनुकांची हालचाल वाढते. शिवाय मायक्रोसिस्टिन-एलआरच्या प्रत्येक रेणूत नत्राचे दहा अणू लागतात आणि मायक्रोसिस्टिसला हवेतला नत्र वापरता येत नाही, तो पाण्यातूनच मिळवावा लागतो. ईरीत तो शेतांतून येतो, मॉमी नदीवाटे, खतांच्या फॉस्फरसबरोबर. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येतं, त्यातही दोन्ही असतात. फॉस्फरसने पीक वाढतं आणि नत्राने त्या पिकाला विष बनवायला कच्चा माल मिळतो, असा ढोबळ हिशेब मांडता येईल.

आणि तिसरं, विष पेशीत आहे की पाण्यात? जिवंत पेशी ते बहुतांशी आतच ठेवते. टोलेडोच्या घटनेचा नंतर जनुकीय अभ्यास झाला तेव्हा एक शक्यता पुढे आली. त्या दिवसांत या जीवाणूंना विषाणूंची लागण झाली होती, पेशी फुटत होत्या आणि आतलं विष पाण्यात मोकळं होत होतं. पेशी गाळता येतात, पाण्यात विरघळलेलं विष साध्या गाळणीतून निसटतं.

"मोरचूद टाका, टीसीएल टाका, विषय संपवा"

मोरचूद किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचा हा सल्ला गावोगावी ऐकू येतो आणि तो नेमका धोक्याचा आहे, कारण त्याने पेशी फुटतात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधलं पाम बेट, साल १९७९. धरणाच्या पाण्याला वास आणि चव येते अशी तक्रार आली म्हणून पाण्यात मोरचूद टाकला. काही दिवसांतच मुलं आजारी पडू लागली: उलट्या, सुजलेलं यकृत, मग मूत्रपिंडाचा त्रास. एकूण १४८ जण, त्यातली १३८ मुलं. कारण कळेना, म्हणून या आजाराला "गूढ आजार" असंच नाव पडलं. पुढे त्या धरणात एक सायनोबॅक्टेरियम सापडला आणि त्यातून सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे नवं विष. हा त्रास विषाचा नसून मोरचुदातल्या तांब्याचा, असा दावाही एका डॉक्टरने केला होता. मला पहिलं स्पष्टीकरण जास्त पटतं. पण दोन्हींत मोरचूद सुटत नाही.

जलशुद्धीकरण केंद्रात क्रम महत्त्वाचा असतो. आधी तुरटीसारख्या द्रव्याने अख्ख्या पेशी न फोडता खाली बसवायच्या. मग सुटं विष शोषायला सक्रिय कोळसा, आणि शेवटी पुरेशा मात्रेत, पुरेसा वेळ क्लोरिन. क्लोरिन हे विष मोडू शकतो, पण गढूळ हिरव्या पाण्यात वरून टाकलेला नव्हे. घरचा आरओ? त्याचा पडदा एवढा मोठा रेणू अडवू शकतो, पण दोन वर्षं न बदललेल्या पडद्यावर मी भरवसा ठेवणार नाही.

तपासायचं कसं?

करोनाने आपल्याला पीसीआर हा शब्द शिकवला. नाकातल्या स्वॅबमध्ये विषाणूची विशिष्ट अक्षरं आहेत का, ते शोधायचं आणि किती आहेत ते मोजायचं. तेच यंत्र, तीच पद्धत, फक्त शोधायची अक्षरं एमसीवायची. निकाल काही तासांत येतो. ओहायोने २०१६ पासून सरोवरातून आणि नद्यांतून पाणी उचलणाऱ्या योजनांना कच्च्या पाण्याची अशी तपासणी नियमाने लावली. त्यात एमसीवायबरोबर इतर दोन विषांची जनुकंही पाहतात. जनुक वाढताना दिसलं की मग प्रत्यक्ष विष मोजायचं.

इथे वाचक म्हणेल, जनुक मोडकं असू शकतं असं तुम्हीच सांगितलंत, मग या चाचणीचा उपयोग काय? उपयोग वेळेचा आहे. विष मोजणारी चाचणी विष तयार झाल्यावरच ते दाखवते. जनुक मोजणारी चाचणी हार करणारी माणसं बाजारात येऊन बसल्याचं सांगते. ती कधीकधी विनाकारण घाबरवेल, पण मधले दिवस हातात देईल.

स्पिरुलिनाच्या गोळ्यांचं काय?

स्पिरुलिना सायनोबॅक्टेरियाच आहे, पण मायक्रोसिस्टिनची यंत्रणा नसलेला. टाक्यांत नीट वाढवला तर चिंता नाही. अडचण येते ती उघड्या तळ्यातून गोळा केलेल्या मालाची. ओरेगनमधल्या क्लॅमथ सरोवरातून दुसरंच एक निळं-हिरवं शेवाळ काढून आरोग्यपूरक म्हणून विकत असत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ८७ पैकी ८५ नमुन्यांत मायक्रोसिस्टिन निघालं. जाळ्यात मायक्रोसिस्टिसही आला होता.

माहीत नसलेलं विष कसं शोधणार?

पीसीआरला आपण जे शोधायला सांगतो तेवढंच ते शोधतं. याचं फार चांगलं उदाहरण अमेरिकेतच घडलं. अर्कान्सा राज्यातल्या एका तलावाकाठी १९९४-९५ च्या हिवाळ्यात टकले गरुड एकामागोमाग मरू लागले. त्यांच्या मेंदूत बारीक पोकळ्या पडल्या होत्या. गरुड ज्या पाणपक्ष्यांना खात होते ते पक्षी हायड्रिला ही पाणवनस्पती खात होते. हो, तीच हायड्रिला, जी शाळेत उलट्या नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे मोजतात. तिच्या पानांखाली एक सायनोबॅक्टेरियम चिकटलेला सापडला. संशय पक्का होता, पण प्रयोगशाळेत वाढवला की तो विष बनवेना.

तळ्यातल्या पानांवरच्या विषाचा रेणू तपासला तेव्हा त्यात ब्रोमिनचे पाच अणू निघाले. प्रयोगशाळेतल्या पाण्यात ब्रोमिन नव्हतंच. यंत्रणा जागेवर होती, माणसं बसलेली होती, फक्त टोपल्या रिकाम्या होत्या. संशोधकांनी त्या पाण्यात ब्रोमाइडचं मीठ मिसळलं आणि विष तयार झालं. हे सगळं २०२१ मध्ये छापून आलं, पहिला गरुड मेल्यानंतर पाव शतकाने.